डावा आमचा, उजवा त्यांचा

दगा झालेल्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो बैलांच्या पटात, आणि खरं सांगायचं तर तो चेहरा त्या वेळी आनंदानं फुलून आला होता. पुढे मी लिहायला लागले, तेव्हा विश्वास, प्रामाणिकपणा, फसवणूक असल्या विषयांवर चार शब्द बोलायला लोक मला बोलवू लागले. बाकीचे वक्ते गंभीर बोलतात. माझी पाळी आली की मला माझे सासरे दिसतात. बैलगाडीत उभे, पागोटं सुटून खांद्यावर आलेलं, आणि ज्या बैलापायी त्यांचा जीव पोळला त्यालाच ओरडून सांगताहेत, "पळ बे, पळ!" मग मला हसू येतं आणि भाषण बिघडतं. म्हणून ती गोष्ट एकदा लिहूनच टाकते.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. सरकार नागपुरात बसायचं आणि आमच्या गावाला त्याची आठवण सारा भरायच्या वेळी यायची. माझं माहेर डोणगावच्या बाजूचं. लग्न होऊन आले चिखली तालुक्यात, उंद्रीजवळच्या एका गावात. घरात सासरे, सासू, आमचे हे आणि मी. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. आमचे हे कापसाच्या हंगामात नांदुऱ्याला, कापसातली सरकी काढायच्या जिनात असायचे. म्हणजे लग्नानंतरचा पहिला हिवाळा मी नवऱ्यापेक्षा बैलांच्याच सहवासात काढला.

आमच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये छातीइतकी मातीची भिंत होती. पलीकडे शेजारचे काकाजी आणि काकी. मामाजी आणि काकाजी लहानपणापासूनचे दोस्त. गुरं राखायला बरोबर, शाळेतून पळायला बरोबर. दोघांच्या शेतांच्या बांधावर एकच विहीर, तीही दोघांची. आणि बैलजोडीसुद्धा दोघांत एकच. एका जत्रेत दोघांनी एकाच घरचे दोन पांढरे गोऱ्हे आणले, एक यांनी, एक त्यांनी. जुवाला लावले तेव्हा आमचा डावीकडे रमला, त्यांचा उजवीकडे. तेव्हापासून एकाचं नाव डाव्या, दुसऱ्याचं उजव्या. बाजू बदलली तर दोघंही जागचे हलत नसत.

ही जोडी वर्षभर मोट ओढायची, वखर ओढायची, आणि हिवाळ्यात कापूस घरी आला की शंकरपटात धावायची. ज्यांनी पट पाहिला नाही त्यांना सांगते, हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपतात, वर धुरकरी उभा राहतो आणि मोकळ्या रानात जोड्यांची शर्यत लागते. आसपासच्या गावांत आमची जोडी मान राखून होती. मामाजींना जगात तीन गोष्टींचा अभिमान होता. मी सून म्हणून गेले तेव्हा पहिल्या दोन जागा बैलांनी घेतलेल्या होत्या. तिसरी कोणती ते आत्याबाईंनी मला कधी सांगितलं नाही.

जोडी सारखी पळायची तर दोन्ही बैलांचं अंग सारखं हवं. म्हणून दोघा दोस्तांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली होती की डाव्यापुढे जे पडेल तेच उजव्यापुढे पडेल. सरकी तेवढीच, ढेप तेवढीच. रोज सकाळी मामाजी भिंतीवरून वाकून उजव्याची गव्हाण बघत आणि संध्याकाळी काकाजी वाकून डाव्याची. "भरवसा हाये म्हनून पाह्यतो, नाही तं कायले पाह्यतो?" असं मामाजी म्हणायचे. मला ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

एके दुपारी आत्याबाई शेतात गेल्या होत्या. मामाजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरले. हातात कणकेचा मोठा गोळा.

"सूनबाई, यात जरासक तूप टाक."

मी टाकलं.

"आनखी जरासक. हाव, बस. आन आयक, कोणाले सांगू नोको."

गोळा कुणाच्या पोटात गेला ते दारातूनच दिसलं. डाव्या जिभेनं नाक पुसत होता.

चार-दोन दिवसांनी मी कपडे वाळत घालत होते, तर भिंतीपलीकडे काकाजी उजव्याला गुळाचा खडा चारत होते. आमची नजरानजर झाली. काकाजी म्हणाले, "पोरी, तू काही पाह्यलं नाही. काय?"

"नाही, काकाजी."

"शाबास. चांगल्या घरची हायेस."

मग आत्याबाईंनी मला कोठीच्या खोलीत नेलं. "तुपाचं गाडगं उतरून राह्यलं. कुठी जाते ते मले मालूम हाये. ताजं तूप म्या इथं दडवलं. वरच्या फळीवर जुनं, खवट ठेवलं हाये, बैलाले तेच दे. पन त्याईले सांगू नोको." तिकडे काकींनी भिंतीवरून हळूच सांगितलं, की त्यांच्या गोठ्यात मुंगळ्यांची रांग लागली आहे, ती गव्हाणीपासून थेट गुळाच्या भेलीपर्यंत जाते, आणि नवऱ्याला वाटतं हे कुणालाच ठाऊक नाही. "तू बी सांगू नोको, व बाई."

महिन्याभरात दोन्ही घरांतली सगळी गुपितं माझ्याकडे ठेव म्हणून आली. मी काही फार विश्वासू वाटत होते असं नाही. मी गावात नवी होते, आणि सांगायला मला कोणी नव्हतंच. अशा माणसावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. गंमत म्हणजे दोघांनीही शपथ सारखीच मोडल्यामुळे बैल मात्र अगदी सारखे राहिले. कोणी एक जरी प्रामाणिक निघाला असता तरी जोडी बिघडली असती.

त्या हिवाळ्यात पटाचे दिवस जवळ आले असताना काकाजींच्या अंगणात एक घोडी बांधलेली दिसली. मेहकरकडचे एक मोठे पाटील आले होते. दुमजली घर, दारात नोकरचाकर, आणि पटाचा फार शौक. मामाजी त्या दिवशी चिखलीच्या बाजाराला गेले होते. ते आल्यावर काकाजींनी सांगितलं, "सरकीचं बियानं पाह्याले आलते." मामाजींनी मान डोलावली. एवढा मोठा माणूस आपल्या दोस्ताच्या ओसरीवर चहा पिऊन गेला, याचा त्यांनाच आनंद झाला. दोन दिवस ते गावात सांगत फिरले.

आणि तिसऱ्या सकाळी काकाजी भिंतीशी उभे, चेहरा पडलेला.

"उजव्याचा पाय मुरगळला बे. लंगडून राह्यला. औंदा पट काही होत नाही."

मामाजींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग ते भिंतीला वळसा घालायलाही थांबले नाहीत, त्या वयात भिंतीवरून चढून पलीकडे गेले. हळद-चुना कालवून आणा, निर्गुडीचा पाला आणा, विटा तापवा, असे हुकूम सुटले. वाटी घेऊन मीही गेले. मामाजी बैलाच्या पायाशी बसले होते.

"कोणता पाय?"

"हा. पुढचा," काकाजी म्हणाले.

मामाजींनी मन लावून शेक दिला. पाय चोळला, फुंकर घातली, बैलाशी बोलले. उजव्या मोठ्या सुखात रवंथ करत होता. कधी कोणी एवढी सेवा केली नव्हती त्याची. संध्याकाळी मामाजी पुन्हा गेले, आणि काकाजींनी दुसराच पाय पुढे केला.

"सकाळी तं तो होता ना बे?"

काकाजी घाबरले. "दुखनं सरकते. बैलाचं दुखनं असंच असते, या पायातून त्या पायात."

"हाव का?" मामाजी काळजीत पडले. "मंग मागच्या पायात जायच्या आधी थांबवलं पायजे." आणि त्यांनी चारही पाय शेकले.

शेकता शेकता त्यांना गव्हाणीतले मुंगळे दिसले. "इथं एवढे मुंगळे काऊन?"

काकाजींनी उलट विचारलं, "तुह्या डाव्याच्या तोंडाले खवट वास काऊन येते?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तो विषय कायमचा तिथंच सोडून दिला. मी वाटी घेऊन बाहेर पळाले, कारण मला हसू आवरेना.

मामाजींनी मारुतीला नवस बोलला की बैल बरा होईपर्यंत विडी ओढणार नाही. विडी म्हणजे त्यांचा श्वास होता. ती सुटल्यावर ते दिवसभर अंगणात फेऱ्या घालत, कुणावरही खेकसत. आत्याबाई म्हणाल्या, "बैलाऐवजी याईचाच पाय मोडला असता तं परवडलं असतं."

मग एक दिवस काकाजी म्हणाले, मेहकरकडे बैलांचा एक मोठा वैदू आहे, त्याच्याकडे उजव्याला घेऊन जातो. मामाजी म्हणाले, "मी बी येतो." काकाजी घाईघाईनं म्हणाले, "तू कायले येते? गुराईले चारा कोण देईन?" शेवटी मामाजींनी आपली स्वतःची घोंगडी बैलाच्या पाठीवर टाकली, वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि वेशीपर्यंत पोचवायला गेले. परत येऊन म्हणाले, "बैल चालला तं चांगला. हिंमतीचा हाये. दुखनं दाखवत नाही."

थोड्याच दिवसांत माझ्या माहेरून बारशाचं बोलावणं आलं. हे नांदुऱ्याला, म्हणून मामाजीच मला गाडीतून पोचवायला निघाले. डाव्याच्या उजव्या अंगाला गावातून मागून आणलेला एक म्हातारा बैल लावला होता. डाव्या वाटेत सारखा त्याच्याकडे बघून नाक फेंदारत होता.

मेहकर जवळ येऊ लागलं तसं मामाजी प्रत्येक गावात गाडी थांबवून विचारू लागले, "इकडं बैलाचा मोठा वैदू कोठी राह्यते?" कुणालाच माहीत नव्हतं. एक म्हणाला असा कुणी नाही, दुसरा म्हणाला होता पण वारला, तिसऱ्यानं आम्हाला न्हाव्याचं घर दाखवलं. मला हळूहळू काहीतरी उमगू लागलं होतं. मामाजींना मात्र त्या वैदूबद्दल आदरच वाटू लागला.

"फिरता असन," ते म्हणाले. "मोठे वैदू एका जागी बसत नसतात. पता लागत नाही म्हनजे मानूस लयच मोठा असला पायजे."

मी पदर तोंडाशी धरून बसले. सासऱ्याला कोणत्या शब्दांत सांगणार?

माहेरी बारसं झालं, आणि दुसऱ्या दिवशी माझा भाऊ म्हणाला, "आज इथं जवळच पट हाये. चला ना." मामाजी आधी नाही म्हणाले. जोडी नसताना पट पाहवणार नाही म्हणाले. मग म्हणाले, नुसतं जरासं पाहून येऊ. गाडी जुंपेपर्यंत ते सर्वांआधी गाडीत बसले होते. आम्ही बायकाही गेलो. मैदानाच्या कडेला गाड्या लावल्या होत्या आणि बायका गाड्यांमध्ये उभ्या राहून बघत होत्या. धूळ, ढोल, आरोळ्या, रेवड्या, भजी. एक माणूस हातात पत्र्याचा भोंगा घेऊन जोड्यांची नावं पुकारत होता.

त्यानं पाटलांची जोडी पुकारली. चार माणसं दोन पांढरे बैल धरून आणत होती. अंगावर जरीच्या झुली, गळ्यात घुंगरमाळा. उजव्या अंगाच्या बैलाचं शिंग टोकाशी जरा आत वळलेलं होतं. ते शिंग मी रोज भिंतीवरून पाहत होते.

"मामाजी, ऊन लय झालं. घरी चलायचं का?"

"थांब सूनबाई, ही जोडी पाहू दे." ते पुढे वाकले. "तो उजवा पाह्य. आपल्या उजव्यासारखाच चालते. हाव ना?"

"नाही मामाजी. तसा नाही वाटत."

"शिंग बी तसंच वाकडं हाये. घ्या! दुनियेत एकासारखं एक असते." आणि कौतुकानं मान डोलावू लागले.

माणसाचा विश्वास किती जाड असतो ते मी त्या क्षणी पाहिलं. बैल समोर उभा होता, शिंग दिसत होतं, चाल ओळखली होती, आणि तरीही त्यांना तो दुसराच कुणाचा तरी बैल वाटत होता. कारण आपला बैल वैदूकडे होता. दोस्तानं सांगितलं होतं.

मग बैलाची वेसण धरलेला माणूस वळला. डोक्यावर झगझगीत रेशमी फेटा, त्याचा तुरा एवढा उंच की खालचा चेहरा ओळखायला वेळ लागला. काकाजी होते.

माझ्या भावाला काही कळलंच नव्हतं. मी मामाजींच्या हाताकडे बघत होते. गाडीचा खुंट त्यांनी घट्ट धरला होता.

तेवढ्यात इशारा झाला आणि जोड्या सुटल्या. उजव्या नेहमीसारखा आधी मान झटकून मग उसळला. दुसरी जोडी थोडी पुढे होती. मैदानाच्या मधोमध उजव्यानं जोर लावला, पाटलांच्या बैलाला जवळजवळ ओढत घेऊन निघाला, आणि माझ्या शेजारी एकदम आवाज फुटला, "पळ बे, पळ! उजव्या, पळ लेका!"

मामाजी गाडीत उभे राहून नाचत होते. पागोटं सुटलं, त्याचं भान नाही. चेहरा असा उजळलेला की पाहत राहावं. जोडीनं बाजी मारली, लोकांनी फेटे उडवले, मामाजींनी माझ्या भावाला मिठी मारली. आणि मिठीतच त्यांना आठवलं. ते हळूच खाली बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. जेवताना तोंडात खडा यावा तसं त्यांचं तोंड झालं.

"पाय बरा झाला मंग," ते स्वतःशीच म्हणाले. मग भावाकडे वळून म्हणाले, "विडी हाये का बे? दे. नवस फिटला."

मी रडावं का हसावं मला कळेना. त्यांनी विडी पेटवली, डोळे मिटून मोठा झुरका घेतला. तेवढ्यात भोंगेवाला ओरडू लागला, "पाटील साहेबांची घरची जोडी! डावा घरचा, उजवा घरचा! दोन्ही पाटलांच्याच दावनीचे!"

पाटील मिशीवर हात फिरवत उभे होते. काकाजी शेजारी, वेसण हातात. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं.

मामाजी पुन्हा उभे राहिले. "ए भोंगेवाल्या! खोटं काऊन बोलून राह्यला? उजवा पाटलाचा नाही!"

सगळं मैदान आमच्या गाडीकडे वळलं. मी पदर पुढे ओढला तो गळ्यापर्यंत.

"मंग कोणाचा हाये?" कोणीतरी विचारलं.

"तो मानूस उभा हाये ना फेटेवाला, त्याचा हाये. त्याच्या गोठ्यात वाढला, त्याच्या हातचं खाल्लं. त्याचं नाव सांग!"

"आन तुमी कोन?"

"मी? मी डाव्याचा मालक."

लोक हसले. कुणाला काही कळलं नाही. पण 'उजवा कुणाचा' ही कुजबुज मैदानभर पसरली आणि पाटलांची मिशी खाली आली. मामाजी गाडीतून उतरले, गर्दीतून सरळ चालत गेले. मी आणि भाऊ मागोमाग. आता हे काकाजींच्या फेट्याला हात घालणार अशी मला धास्ती. ते समोर जाऊन उभे राहिले. काकाजी जमिनीकडे बघत होते.

"पाय कसा हाये?" मामाजींनी विचारलं.

"बरा," काकाजी म्हणाले. "आता... बरा हाये."

"वैदू चांगला भेटला मंग."

एवढंच बोलून ते मागे वळले. आम्ही त्याच दिवशी घरी निघालो. वाटेत मामाजींनी एकाही गावात गाडी थांबवली नाही.

दोन दिवसांनी काकाजी उजव्याला घेऊन गावात आले. डोक्यावर फेटा नव्हता. उन्हाचं म्हणून मामाजींचीच घोंगडी डोक्यावर घेतली होती. काकींनी सगळी हकिकत भिंतीवरून मला सांगितली. पाटील त्या दिवशी सरकी पाहायला नव्हे, उजव्याला पटापुरता मागायलाच आले होते. मैदानात बोभाटा झाला म्हणून पाटील खवळले. जेवणाच्या पंगतीला काकाजींना आत बोलावलंच नाही, अंगणात पान वाढलं. आणि निघताना पाटलांचा नोकर येऊन म्हणाला, मालकांनी फेटा परत मागितलाय, तो फक्त पटापुरता होता.

"बैल देल्ला, दोस्त गेला, आन फेटा बी गेला," काकी म्हणाल्या. "आता उघड्या डोक्यानं बसून राह्यते कोपऱ्यात. पन हे तू कोणाले सांगू नोको."

या वेळी मी थेट जाऊन आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाईंनी मामाजींना ऐकू जाईल अशा आवाजात तेच मला पुन्हा सांगितलं. मामाजी ओसरीवर होते. ते उठून गोठ्याकडे गेले.

त्यांचा खरा राग बैलावर होता. हे मला गोठ्यात कळलं. उजव्या भिंतीवरून मान काढून हंबरला की मामाजी पाठ फिरवायचे. एकदा त्यांना वाटलं आसपास कोणी नाही, तेव्हा त्याला म्हणाले, "तुले नाही म्हनता येत नव्हतं? अबे, जरासक लंगडायचं होतं. तेवढं बी नाही जमलं?" मी शेणाची पाटी घेऊन उभी होते. ते ओशाळले.

"मामाजी, काकाजींचा राग नाही येत?" मी धीर करून विचारलं.

"येते ना. पन तो मानूस हाये. त्याले जल्मात कोणं गादीवर बसवलं नव्हतं. पाटलानं बसवलं, तं पघळला. म्या बसवलं असतं, तं माह्यासाठी बी खोटं बोलला असता." मग बैलाकडे बोट दाखवून म्हणाले, "पन याले कोणं फेटा देल्ला होता? हा कायले एवढा पळाला?"

विश्वास या विषयावर मी पुष्कळ वाचलंय, पण असा प्रश्न कोणी विचारलेला आढळला नाही.

अबोला धरणं सोपं होतं, पण विहीर एकच आणि मोटेला बैल दोन लागतात. गहू सुकू लागला. मग एका सकाळी काही न बोलता काकाजींनी उजव्या आणून उभा केला, मामाजींनी काही न बोलता डाव्या उभा केला, आणि मोट सुरू झाली. एक जण बैल हाकायचा, दुसरा वाफ्यात पाणी वळवायचा. मी भाकर घेऊन गेले की निरोप्याचं कामही माझ्याकडेच.

"सूनबाई, त्याले सांग, पाट फुटला," मामाजी म्हणायचे. काकाजी पाच हातांवर उभे असायचे.

"पोरी, त्याले सांग, मले दिसून राह्यलं."

"त्याले म्हन, दिसून राह्यलं तं बांध."

"त्याले म्हन, बांधूनच राह्यलो."

मी मध्ये उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे मान फिरवायची. दोघांचंही बोलणं दोघांना ऐकू येतच असल्यामुळे मी फक्त मान फिरवली तरी चालायचं. असा पूर्ण गहू भिजला. आत्याबाई आणि काकी मात्र पहिल्यासारख्याच भिंतीशी बसून तूर निवडायच्या. त्यांनी भांडणात भागच घेतला नाही. "आमचे बैलं नाहीत," आत्याबाई म्हणाल्या, "आमाले कायले भांडन लागते?"

आणि मग कांद्याच्या वाफ्यावरून ते झालं. मामाजी बैल हाकत होते. कसल्या तरी तंद्रीत त्यांनी बैल जरा जास्तच जोरात दामटले, मोटेमागून मोट रिकामी झाली आणि काकाजींचे कांदे पाण्यात तरंगायला लागले. काकाजी गुडघाभर चिखलात उभे राहून थेट ओरडले, "अबे ए! मोट हाकून राह्यला का पट खेळून राह्यला?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. बैलसुद्धा थांबले.

"काय म्हनलं?" मामाजी उतरणीवरून खाली आले. "पटाचं नाव तू घेते? तू?" आणि इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर पडलं. चार पायांचा शेक, चोळून चोळून दुखलेले हात, विडीवाचून काढलेले दिवस, गावोगाव विचारलेला तो वैदू, माझ्या माहेरच्या लोकांपुढे गेलेली अब्रू. काकाजी आधी ऐकत राहिले. मग तेही सुरू झाले. म्हणाले, "तुले पाटलानं बलावलं असतं तं तू गेला नसता?"

"नसतो गेलो!"

"खरं सांग."

मामाजींनी विचार केला. "गेलो असतो," म्हणाले, "पन तुले सांगून गेलो असतो."

"आन म्या सांगतलं असतं, तं तू जाऊ देल्लं असतं?"

"नसतं देल्लं!"

"मंग!"

"मंग काय मंग?"

तासभर भांडण चाललं. चिखलानं माखलेली दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत गेली. मी घाबरून घराकडे पळाले आणि आत्याबाईंना सांगितलं की दोघं शेतात फार जोरात भांडताहेत, कोणाला तरी पाठवा.

आत्याबाई भाकरी थापत होत्या. "एकमेकाशी भांडून राह्यले? तोंडावर?"

"हो."

"तू मधात नाही?"

"नाही."

त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली, "अवं, आयकलं का? बोलून राह्यले!" काकी तिकडून लगबगीनं आल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहून मोठा निःश्वास सोडला. आत्याबाईंनी परातीत आणखी पीठ घेतलं आणि मला म्हणाल्या, "जा, भरिताले दोन वांगे जास्त भाज. भांडून आलेल्या मानसाले भूक लय लागते."